तेरावं दाभण

"सीट पुढं घ्या मिस्त्री, अगदी शेवटच्या खाचेपर्यंत. लॉक लागल्याचं ऐकलंत? आता खाली उतरा, दार लावा आणि माझ्याबरोबर बाहेर या."

"बाहेर कशाला, बाईसाहेब?"

"तुम्ही बघत बसलात तर ती हलायची नाही."

कुसुमावती शिंत्रे हे इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, की दूध उतू जातंय बघा, असं सांगतायत वाटावं. हातात शेडची किल्ली, पायांत घरातल्याच चपला. मी मान डोलावली आणि त्यांच्यामागनं बाहेर आलो. मोठ्या घरचं खूळ हसण्यावारी न्यायचं नाही, एवढं धंद्यानं मला शिकवलं होतं.

त्यांनी शेडला कुलूप घातलं. नवरात्रातली अष्टमी, दुपारी बाराचं ऊन. घरातून धुपाचा वास येत होता. आम्ही दोघं कुलपाकडं तोंड करून उभे. दहा मिनिटं गेली असतील. आतून आवाज आला. खट्.

कुलूप काढलं. गाडी होती तशीच होती, दारं बंद. मी वाकून आत बघितलं. ड्रायव्हरची सीट वीतभर मागं गेली होती, पार मागच्या टोकाला.

"उंदीर असंल," मी म्हणालो. तोंडाला आलं ते बोलून गेलो, दुसरं काय.

"एवढी सीट ढकलणारा उंदीर असला तर त्याला तालमीत घालूया," बाईसाहेब म्हणाल्या. पण हसल्या नाहीत.

ही गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची. मी हिंदुराव, कोल्हापुरात उद्यमनगरात गाड्यांच्या सीटा शिवायचा माझा धंदा. ट्रक म्हणू नका, जीप म्हणू नका, माझ्या हाताखालनं सगळं गेलंय. पण ही गाडी गावात एकच होती. लाल रंगाची, दोन दारांची, टप मागं पडणारी विलायती गाडी, शिंत्रे फौंड्रीच्या थोरल्या मालकांनी हौसेनं घेतलेली. मालक गेले आणि गाडी त्यांच्या एकुलत्या एक पोराकडं आली. पोराचं नाव रणधीर. नाव एवढं मोठं आणि उंची पाच फुटाला दोन बोटं कमी. स्वतःच सांगायचा, "मिस्त्री, नाव आजोबांचं आणि उंची आजीची घेतली बघा." माणूस लाखात एक. गाडीत बसला की बाहेरून नुसतं डोकं दिसायचं. म्हणून आदल्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर त्यानं सीट माझ्याकडं आणली. चार बोटं उंच करून पाहिजे, पाठीला भर पाहिजे, पाय ब्रेकवर पुरा पोचला पाहिजे. मी करून दिली. खंडेनवमीला सकाळी गाडी घेऊन गेला, आणि दसऱ्याला दुपारी पन्हाळ्याच्या चढावर, वाघबिळाच्या पुढच्या वळणाला गाडी उलटी येऊन खाली शेतात पडली. रणधीर जागेवर गेला.

मागनं येणाऱ्या एका रिक्षावाल्यानं बघितलं होतं. तो जो भेटेल त्याला सांगायचा, पोरगं स्टेरिंगला लोंबकळत होतं, मान इकडं तिकडं, काही शुद्ध नाही. झालं. सणाचा दिवस, मोठ्या घरचं पोर, लोंबकळत होतं म्हणजे काय ते सांगायला नको. डॉक्टरच्या कागदात दारूचा थेंब निघाला नाही. तर लोक म्हणाले, कागद काय, शिंत्र्यांना पाहिजे तसा लिहून मिळतो.

गाडी नीट करून घरी आली ती शेडमध्येच राहिली. आणि आता वर्ष भरायच्या आत बाईसाहेबांनी मला बोलावणं धाडलं होतं.

"तीन मेकॅनिक येऊन गेले," त्या म्हणाल्या. "तिघांनी लॉक बघितलं. म्हणाले, ठणठणीत आहे. तिसरा माझ्या जावेला म्हणाला, सीट चांगली आहे, बाईसाहेबांनाच दाखवा कुणाला तरी. मी ऐकलं ते."

"तसं कोण काय बोलंल त्याचं काय मनावर घ्यायचं?"

"मी घेत नाही. मला एकच पाहिजे. तो दारू पिऊन गेला नाही, हे मला ठाऊक आहे. पण मी आई आहे, माझं कोण ऐकतंय? का गेला ते मला पाहिजे. तुम्हाला बोलावलं ते यासाठी, की सीट तुमच्या हातची आहे. तुम्हाला ती ओळखत असेल."

शेवटचं वाक्य मला काही आवडलं नाही.

त्यांनी मला गाडी फाटकाच्या चढावर घ्यायला लावली. शेडपासून फाटकापर्यंत रस्ता चढता होता. मी बसलो, सीट पुढं घेतली, लॉक लागलेलं हातानं चाचपून बघितलं. गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला आणि चढाला लागलो. निम्म्यात गेलो असेन नसेन, पाठीमागनं कुणी बखोटीला धरून ओढावं तसा मी मागं गेलो. पाय पेडलवरनं सुटले. हातांनी स्टेरिंग घट्ट धरलं, दुसरं धरायला होतं काय? गाडी बंद पडली आणि उलटी घरंगळायला लागली. मी लांबचा लांब ताणलेला, स्टेरिंगला धरून स्वतःला पुढं ओढतोय, मान हेलकावे खातेय. माझे पाय लांब म्हणून कसातरी ब्रेक सापडला. गाडी थांबली.

बाईसाहेब दाराशी आल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"असंच," त्या म्हणाल्या. "असंच लोंबकळत होता तो."

रणधीरचे पाय किती लांब होते ते माझ्याइतकं कुणाला माहीत? माप मीच घेतलं होतं.

मी सीट रुळांसकट सोडवली, रिक्षात घातली आणि दुकानात आणली. म्हटलं, उद्या नवमी, पूजा झाली की हत्याराला हात लावायचा नाही, तेव्हा आजच उघडून टाकू. फळीवर सीट ठेवली, पुढच्या खाचेत घेतली आणि रुळावर खडूनं रेघ मारली. शेजारचा टर्नर दत्तू ठोंबरे बघायला आला. दत्तू माझा जानी दोस्त, पण देवाला सुद्धा पुरावा मागणारा.

"फळी उताराला असंल तुझी," म्हणाला. लेवल आणून फळीवर ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध.

"चल, चहा पिऊन येऊ," मी म्हणालो.

टपरीवरनं परत आलो तर सीट रेघेपासून वीतभर मागं. दत्तूनं सीटकडं बघितलं, लेवलकडं बघितलं आणि लेवल काखेत मारली. "माझं काम पडलंय," म्हणाला आणि गेला. एरवी दोन दोन तास ठाण मांडून बसणारा माणूस.

मी उसवायला घेतली.

आता आमच्या दुकानातल्या दोन रीती सांगायला पाहिजेत. दोन्ही माझे उस्ताद बाबालाल यांनी घालून दिलेल्या. पहिली, सीट उघडली की आत जे निघेल ते पितळी वाटीत टाकायचं आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. नाणं असो, टाचणी असो, शेंगदाण्याचं फोलपट असो. उस्ताद म्हणायचे, "त्याच्या बुडाखालचं ते त्याचं. आपण कोण ठरवणार कचरा कुठला?" दुसरी रीत दाभणांची. गाद्या शिवायची आमची सुई वाकडी असते, चंद्राच्या कोरीसारखी. अशी बारा दाभणं फळीवर टांगलेली. सकाळी मोजून घ्यायची, संध्याकाळी मोजून ठेवायची. एक जरी कमी भरलं तरी ते सापडेपर्यंत कुठलीही सीट दुकानाबाहेर जाता कामा नये.

रेक्झिन काढलं, फोम काढला, काथ्या काढला. वाटीत चार आण्याचं नाणं पडलं, शर्टाचं एक बटण, अर्धी वेलची. मग सीट उपडी केली आणि लॉकच्या खाली बॅटरी मारली. लॉकची जीभ खाचेत बसते त्याच्या अंगाला काहीतरी चमकलं. पकडीनं धरून ओढलं.

माझं दाभण होतं.

ओळखायला वेळ लागला नाही. टोकाला माझ्या हातानं घासलेलं, नाकाशी तांबडा दोरा अजून अडकलेला. जिभेच्या शेजारी असं बसलं होतं, की लॉक लागल्याचा आवाज यायचा, हाताला घट्ट लागायचं, पण जीभ खाचेत निम्मीच जायची. सपाटीला काही कळायचं नाही. चढाला अंगाचा भार मागं आला की सुटायची.

आणि मला गेल्या वर्षीची खंडेनवमी आठवली. आठवली म्हणजे काय, विसरलो होतो कधी? पाटावर पांढरं फडकं घातलं, कात्री, हातोडी, पकड मांडली, पुढं दाभणांची रांग मांडली. अकराच भरली. बाहेर रणधीर हॉर्न वाजवत उभा. "मिस्त्री, आईला घेऊन देवीला जायचंय, द्या लवकर." नैवेद्य निवत होता, बायको खोळंबली होती. पूजेची रांग अपुरी दिसायला नको म्हणून मी नव्या पुडीतलं एक दाभण काढलं आणि बारावं म्हणून ठेवलं. वर हळदकुंकू वाहिलं. देवासमोर मोजणी पुरी झाली, माझंही समाधान झालं. रणधीरनं पेढा खाल्ला, गाडी घेतली आणि गेला.

दत्तूनं भिंतीपलीकडनं हाळी दिली. "सापडलं काय रं?"

"काय नाही," मी म्हणालो. "स्प्रिंग म्हातारी झालीया."

दाभण मी खिशात घातलं.

बायकापोरं, पन्नास गिऱ्हाइकं, उस्तादांचं नाव, सगळं डोळ्यांपुढं आलं. आणि रणधीर तर गेलाच होता, दाभण दाखवून काय तो उठून येणार होता? माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवतो. मी लॉक साफ केलं, तेल घातलं, जीभ खाचेत पुरी बसते का ते वीस वेळा बघितलं. सीट परत शिवून टाकली. त्या दिवशी घरी जेवण काही गेलं नाही. अष्टमीचा उपास धरलाय म्हणून सांगितलं.

नवमीला सकाळी दुकान झाडलं, हत्यारं धुतली, पाट मांडला. सीट फळीवरच होती, पुढच्या खाचेत, खडूच्या रेघेवर. बाईसाहेब दहाला येणार होत्या. मी दाभणं मांडली. बारा. खिशातलं खिशातच. झेंडूची फुलं घ्यायला पाठ वळवली.

खट्.

मी वळून बघितलं नाही. बराच वेळ तसाच उभा राहिलो. लॉक मी माझ्या हातानं दुरुस्त केलं होतं. वीस वेळा बघितलं होतं. दोन माणसांनी रेटली तरी सीट हलली नसती. मग वळलो. सीट मागच्या टोकाला होती, आणि गादीवर, मी रात्रीच घट्ट भरलेल्या नव्याकोऱ्या फोमवर, मधोमध खळगा पडला होता. लहान होता. बुटक्या माणसाचा.

मी घाबरलो, हे कबूल करतो. पण त्याहून जास्त लाज वाटली. "कळलं बाबा," मी म्हणालो. खिशातलं दाभण काढलं आणि वाटीत टाकलं. डोळ्यांदेखत तो खळगा हळूहळू भरून आला. सीट मी पुढं घेतली. पुन्हा हलली नाही.

बाईसाहेब दहाच्या ठोक्याला आल्या. मी वाटी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी एकेक वस्तू तळहातावर घेतली. नाणं. वेलची. "तोंडात सारखी वेलची असायची त्याच्या." बटण जरा वेळ बोटांत धरून राहिल्या. मग दाभण उचललं.

"हे काय?"

"माझं दाभण. लॉकमध्ये अडकलं होतं. त्यानं लॉक निम्मंच लागत होतं."

त्यांनी पाटावरची रांग बघितली. मग म्हणाल्या, "गेल्या वर्षी पूजेला किती मांडली होती तुम्ही?"

"बारा. त्यातलं एक नवीन."

"म्हणजे हरवलेलं ठाऊक होतं."

"हरवलं ते ठाऊक होतं, बाईसाहेब. कुठं, ते नव्हतं."

"शोधलंत?"

"नाही."

मी मान खाली घातली. त्यांनी कानफाटात मारली असती तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी दाभण तेवढं परत वाटीत ठेवलं.

"तर दारू प्यायला नव्हता," त्या शेवटी म्हणाल्या.

"नाही."

"हे चारचौघांत सांगाल?"

मी दारात गेलो आणि दत्तूला हाक मारली. पूजेचा दिवस, अख्खी गल्ली आपापल्या दुकानात होती. दत्तू आला, पेंटर आला, वेल्डिंगवाले दोघे भाऊ आले, रेडिएटरवाला आला. वीसपंचवीस माणसं जमली. मी दाभण हातात धरलं आणि सगळं सांगितलं. अकरा भरल्याचं, बारावं ठेवल्याचं, काल खोटं बोलल्याचंही. दत्तूनं टोपी काढून हातात घेतली. कुणी एक शब्द बोललं नाही. बोलायला काय, नंतर वर्षभर बोलले, आणि निम्मी गिऱ्हाइकं गेली. ती जायलाच पाहिजे होती. पण रणधीर शिंत्रे दारू पिऊन मेला, असं त्या दिवसानंतर कोल्हापुरात कुणाच्या तोंडून मी ऐकलं नाही.

माणसं पांगल्यावर बाईसाहेब पाटाशी बसल्या. दाभण त्यांनी बाराच्या रांगेत शेवटाला ठेवलं, वर झेंडूचं फूल ठेवलं.

"तेरा मांडायची इथून पुढं," म्हणाल्या. "आता करा पूजा."

पुढच्या खंडेनवमीला सकाळी दहाला लाल गाडी माझ्या दारात. मला वाटलं, सीट बिघडली. बाईसाहेब उतरल्या आणि म्हणाल्या, "चांगली चालते. उघडून बघा तेवढी." पूजेआधीच मी सीट काढली, उसवली, लॉक बघितलं, परत शिवली. रिकामी वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी आत बघितलं, "बरं," म्हणाल्या, तेराव्या दाभणावर फूल ठेवलं आणि गेल्या. असं चोवीस वर्षं. एक खंडेनवमी चुकली नाही. क्षमा केली असं त्या कधी म्हणाल्या नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही.

यंदा श्रावणात बाईसाहेब गेल्या. गाडी भाच्यानं पुण्याला नेली म्हणतात.

परवा खंडेनवमीला मी पाट मांडला. तेरा मोजली. दहा वाजून गेले, सव्वादहा झाले. गल्लीत कुठली गाडी थांबली नाही. मी फुलं घ्यायला वळलो आणि पाठीमागं, रिकाम्या फळीवरनं, आवाज आला. खट्.

या वेळी मी लगेच वळलो. फळीवर काहीच नव्हतं. मी पितळी वाटी पुसली, दोन्ही हातांत धरली आणि दाराकडं तोंड करून उभा राहिलो. "काही निघालं नाही, बाईसाहेब," म्हणालो. मग वाटीत बघितलं. रिकामी होती. तरी मी ती उजेडात धरून पुन्हा एकदा बघितली.